प्रेम कशाने अडते

ना. सी. फडके यांच्या पाच-सहा कादंबऱ्या आवडीने वाचलेल्या वाचकालाही त्यांतल्या नायिकांची नावे पटकन आठवत नाहीत. आठवते ते वातावरण: सुंदर तरुण, तितकीच सुंदर तरुणी, टेनिसचे मैदान, योगायोगाने झालेली भेट, गैरसमज आणि शेवटी त्याचा उलगडा. उलट विभावरी शिरूरकरांची अचला, खांडेकरांची देवयानी किंवा अण्णा भाऊ साठे यांची आवडी एकदा भेटली की तिचे नाव विसरत नाही. या तिघींच्या लेखकांची कारागिरी फडक्यांपेक्षा सरस होती असे मात्र म्हणता येणार नाही. रचनेच्या सफाईत फडक्यांचा हात धरणारा कादंबरीकार त्या काळात नव्हता. मग फरक कशाचा? माझ्या मते प्रेमकादंबरीतले माणूस रूपगुणांमुळे किंवा स्वभावातल्या लकबींमुळे लक्षात राहत नाही. त्याला प्रेमासाठी काय सोडावे लागते आणि ते सोडणे लेखकाने किती खरे मानले आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. आजच्या मराठी प्रेमकादंबरीत नायक-नायिका भरपूर आहेत, पण लक्षात राहणारी माणसे थोडी. कारण त्यांच्यापुढची अडचण बहुतेक वेळा उसनी असते.

फडक्यांपासूनच सुरुवात करायला हवी, कारण मराठीत प्रेमकथेचा कारागीर म्हणून इतक्या गांभीर्याने विचार दुसऱ्या कोणी केला नाही. ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांनी मध्यमवर्गीय वाचकाला वेड लावले आणि १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी कथानकाची गुंफण, उत्कंठा, स्वभावरेखन यांची तंत्र म्हणून मांडणी केली. त्यांच्यावर नेहमीचा आक्षेप असा की त्यांनी वाचकाला गुलाबी स्वप्ने दाखवली. हा आक्षेप मला अपुरा वाटतो. १९३० च्या आसपास कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने परक्या तरुणाशी मोकळेपणाने बोलणे, त्याच्याबरोबर खेळणे, आपला नवरा आपण निवडणे ही पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या पांढरपेशा घरांत खरोखरच धाडसाची गोष्ट होती. टेनिसचे मैदान आज आपल्याला सजावट वाटते. त्या वाचकांना ते नुकत्याच उघडलेल्या दारासारखे होते. म्हणजे फडक्यांच्या सुरुवातीच्या स्वप्नालाही किंमत होती आणि ती वाचकाला ठाऊक असल्यामुळे लेखकाला वेगळी सांगावी लागत नव्हती. पुढच्या दशकांत मुली कॉलेजात जाऊ लागल्या, प्रेमविवाह होऊ लागले, दार सताड उघडले. फडके मात्र त्याच दारापुढे नायक-नायिका उभे करत राहिले. तंत्र शेवटपर्यंत शाबूत होते, पण त्याखालची अडचण विरून गेली होती. त्यामुळे पात्रे देखणी राहिली आणि पुसटही झाली.

फडक्यांच्या त्या सुरुवातीच्या काळातच विभावरी शिरूरकरांनी, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, काय केले ते पाहावे. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहात शिकलेल्या, कमावत्या, लग्नाचे वय लांबत चाललेल्या मुली आल्या. त्यांच्या पगारावर घर चालते, म्हणून त्यांच्या लग्नाची घाई कोणाला नाही. पाठोपाठ आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीतली अचला नवऱ्यापासून दुरावलेली आहे आणि लग्नाबाहेर तिला प्रेमही हवे आहे, मातृत्वही. या अडचणीचे वजन कळायला त्या वेळचा कायदा लक्षात घ्यावा लागतो. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात तसा कायदा यायला १९४७ उजाडले आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. अचलाला नवरा सोडून नव्याने लग्न करण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. कादंबरीकर्तीने तिला विशेष सुंदर केले नसते, तिच्या तोंडी एकही चटकदार वाक्य घातले नसते, तरी ती लक्षात राहिली असती. ज्या पायरीवर ती उभी आहे तिच्या पुढे खरीच पोकळी आहे, हे वाचकाला दिसते. लेखिकेला टोपणनावामागे राहावे लागले आणि पुस्तकांवर गहजब झाला, हेही याच वजनाचे मोजमाप.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. किंमत, अडचण, समाज यांच्यावर भर दिला की प्रेमकादंबरीची समस्याप्रधान कादंबरी होते, प्रेम बाजूला पडते आणि पात्रे विचारांची प्यादी बनतात. वि. स. खांडेकर हे या धोक्याचे मोठे उदाहरण. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून शिकवताना त्यांनी दारिद्र्य जवळून पाहिले, त्यांची कळकळ अस्सल होती, आणि तरीही ‘उल्का’ (१९३४) ते ‘क्रौंचवध’ (१९४२) या कादंबऱ्यांत पुष्कळदा माणसे बोलायला लागली की लेखकच बोलतो. सगळे सुभाषितांत बोलतात, त्यामुळे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातले तरी बिघडत नाही. ध्येयवाद हीच नायकाची ओळख झाली की त्याला त्या ध्येयापायी नेमके काय गमवावे लागते हे धूसर होते. मात्र ‘ययाति’ (१९५९) मध्ये खांडेकरांनीच यावर मार्ग काढला. तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू प्रथमपुरुषी सांगतात. देवयानीचा अहंकार तिच्या तोंडून ऐकताना तो दोष राहत नाही. कचाने नाकारलेल्या मुलीने स्वतःभोवती बांधलेला तो तट आहे हे समजते. शर्मिष्ठा राजकन्या असून दासी झाली, ही किंमत तर पुराणातच होती, पण ती दररोज मोजावी लागते हे तिच्या निवेदनातून अंगावर येते. त्यामुळे प्रश्न किंमत दाखवावी की नाही असा नाही. ती पात्राच्या देहामनातून दिसावी, लेखकाच्या व्याख्यानातून नव्हे, इतकेच.

लोकप्रिय कादंबरीच्या बाजूने वेगळे म्हणणे मांडता येईल. चंद्रकांत काकोडकरांनी शेकड्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत त्यांची प्रत कपाटात टिकत नसे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निर्णय दिला. शिक्षक असलेला कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया अशी ती गोष्ट. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून १९६९ मध्येच ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला. शरीराची ओढ ही प्रेमाचा भाग आहे, हे मराठी वाचकासमोर बेधडक मांडण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे आणि समीक्षेने ते पुरेसे दिलेले नाही. तरीही त्यांच्या बाबतीत लेखकाचे नाव राहिले, पात्रांची नावे विरली. इतक्या वेगाने लिहिताना एका नायकाची अडचण दुसऱ्याला बसेल अशीच बेतावी लागते. तीच नेमकी लक्षात राहत नाही. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’कडे (१९८२) पाहा. तिच्यावर २०१३ मध्ये चित्रपट येण्याच्या कितीतरी आधीपासून कॉलेजातली मुले तिची पारायणे करत होती. कट्टा, टोपणनावे, शिव्या हे सगळे ओळखीचे वाटते, पण त्या गर्दीतही मनात रुतून बसतो तो बारमध्ये बसणारा एम. के. श्रोत्री. कट्ट्यावरच्या मुलांना प्रेमाची किंमत अजून मोजायची आहे. त्याची मोजून झाली आहे.

आता आजच्याकडे वळू, आणि त्यासाठी चिखलोलीसारखी जागा समोर ठेवू. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधला हा पट्टा. औद्योगिक वसाहत, धरण, जुने गावठाण आणि त्यांच्यामध्ये उगवलेल्या इमारती. दोन स्थानकांच्या मध्ये चिखलोलीचे नवे स्थानकही मंजूर होऊन त्याचे काम सुरू झाले. शेजारच्या कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. ही वाढ बऱ्याच अंशी घराच्या शोधात आलेल्या तरुण जोडप्यांची आहे. लालबाग-परळच्या चाळीतून, डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीतून, खानदेशातून आणि कोकणातून आलेली ही माणसे मराठी आहेत, शिकलेली आहेत, आणि त्यांचे प्रेम आजही अडते. कायद्याने नव्हे, बहुतेकदा आईवडिलांच्या नकारानेही नव्हे. ते अडते घराचा ताबा मिळत नाही म्हणून, दोघांपैकी एकाचा पगार हप्त्यात जातो म्हणून, सासूसासऱ्यांसह वन बीएचकेत राहायचे की डिपॉझिट भरून वेगळे व्हायचे हे ठरत नाही म्हणून, रोज मुंबईला जाण्यायेण्यात तीन तास गेल्यावर एकमेकांसाठी उरतेच काय म्हणून. आणि जात गेलेली नाही. ती आता सोसायटीत घर कोणाला भाड्याने द्यायचे या चर्चेत भेटते. गावठाणातला आगरी मुलगा आणि इमारतीत नव्याने राहायला आलेली मुलगी यांच्यात अंतर केवळ पैशाचे नाही. एकाच्या कुटुंबाची भातशेती जिथे होती तिथेच दुसरीचा तिसरा मजला आहे. प्रेमकादंबरीकाराला याहून नेमकी अडचण कुठे मिळेल?

पण चालू प्रेमकथा इकडे फिरकत नाही. प्रतिलिपीसारख्या मंचावर मराठीत क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथांना मोठा वाचकवर्ग आहे, लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत स्त्रिया ठळकपणे आहेत, आणि पूर्वी ज्यांच्या हातात लेखणी आली नसती त्या आज लिहितात याचा मला मनापासून आनंद आहे. तिथला आवडता नायक मात्र अफाट श्रीमंत, करड्या स्वभावाचा, कंपनीचा मालक असतो. नायिका साधी, सोशिक, आणि काही कारणाने त्याच्याशी करारापुरते लग्न करणारी. या साच्यात घराचा प्रश्न पहिल्याच प्रकरणात बंगल्याने सुटतो. मग उरतो तो फक्त त्याचा राग आणि तिची सहनशीलता. यावर सांगितले जाते की दिवसभर राबून, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आलेल्या बाईला रात्री फोनवर पुन्हा हप्ते आणि पाणीटंचाई कशाला वाचायला लावता? तिला विसावा हवा आहे. हे म्हणणे मी हलके मानत नाही. पण फडक्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांवरून दिसते ते असे की स्वप्न वाचकाच्या स्वतःच्या अडचणीला लागून असेल तेव्हाच त्याची पकड बसते. बंगल्यातला नायक विसावा देतो, पण तो दुसऱ्या बंगल्यातल्या नायकासारखाच असतो आणि पुढच्या आठवड्यात विस्मरणात जातो. त्या बाईला तिच्याच गाडीतली, तिच्याच फलाटावरची प्रेमकथा स्वप्नासारखी वाटणार नाही असे आपण का धरून चालतो?

या शंकेचे उत्तर एका चित्रपटाने देऊन ठेवले आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) लोकांनी डोक्यावर घेतला तो त्याच्या गाण्यांमुळे आणि बुलेट चालवणाऱ्या आर्चीमुळे, असे म्हटले जाते. ते खरे, पण अर्धेच. आर्ची आणि तिचा प्रियकर पळून हैदराबादला जातात आणि प्रेमकथा एका खोपटात येऊन पडते. घाण वास, अपुरे पैसे, तिला घरची सय, त्याला तिच्यावर येणारा संशय. बड्या घरची मुलगी कारखान्यात काम करते आणि तो डोशाच्या गाडीवर. आर्ची तिथे खऱ्या अर्थाने घडते, कारण ट्रॅक्टर चालवणारी मुलगी काय सोडून आली आहे हे आता दिसू लागते. गेल्या काही वर्षांतली मराठीतली सर्वांत ठसठशीत नायिका कादंबरीने नव्हे तर पडद्याने दिली, ही गोष्ट कादंबरीकारांनी मनाला लावून घ्यायला हवी. अण्णा भाऊंनी जातीची भिंत ओलांडून प्रेम करणारी आवडी कितीतरी आधी कादंबरीतच उभी केली होती. तो धागा मुख्य प्रवाहातल्या प्रेमकादंबरीने उचलला नाही, त्याची भरपाई अजून झालेली नाही.

कोणी म्हणेल की सारा भर बाहेरच्या अडचणींवर दिला तर सुस्थितीतल्या माणसांच्या प्रेमाचे काय? गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) पासूनच्या नायिकांना पैशाची ददात नाही, फिरायला जग मोकळे आहे. तरी त्या लक्षात राहतात. त्यांच्यापुढे निवड आहे: प्रेम करणाऱ्या माणसाच्या सावलीत राहायचे की स्वतःच्या उन्हात. बाहेरची दारे उघडी असल्यामुळे दोष द्यायला कोणी उरत नाही, म्हणून ती निवड अधिकच कठीण होते. माझे म्हणणे याने ढळत नाही. अडचण गरिबीचीच असावी असा आग्रह नाही, ती त्या माणसाची स्वतःची असावी. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मधला (२००४) नववीतला मुकुंद जोशी त्याला आवडणाऱ्या शिरोडकर या मुलीसाठी जे करतो ते मोठ्यांच्या हिशेबात क्षुल्लक आहे. त्याच्या वयाच्या हिशेबात ते सर्वस्व आहे आणि लेखक त्याच हिशेबाने लिहितो.

राहता राहिला सुखान्ताचा प्रश्न. प्रेमकादंबरीच्या वाचकाला शेवट गोड हवा असतो आणि तो त्याचा हक्क आहे. किंमत खरी दाखवायची तर नायिकेला मारावेच लागते, अशी एक समजूत गंभीर लेखकांत आहे. तिच्यामुळे चांगले लेखक या प्रकाराकडे वळत नाहीत आणि तो साच्यात लिहिणाऱ्यांच्या हाती राहतो. चिखलोलीच्या त्या दोघांना घर मिळू शकते, त्यांचे लग्नही होऊ शकते. फक्त त्यासाठी तिने पुण्याची बढती नाकारली असेल, त्याने गावाकडचा वाटा भावाला लिहून दिला असेल, आणि दोघांनाही एकमेकांनी काय सोडले हे ठाऊक असेल. मग शेवटच्या प्रकरणातला त्यांचा आनंद फुकटचा राहत नाही, आणि वाचकाला त्यांची नावे आठवतात. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या ‘ग्रंथसखा’मध्ये जुन्या, दुर्मीळ मराठी पुस्तकांची मोठी संपदा आहे. याच मुलखात बसून शंभर वर्षांतल्या नायक-नायिका चाळून पाहता येतात. त्यांतल्या कोणत्या टिकल्या आणि त्यांच्यासमोर काय उभे होते, एवढे पाहून आजच्या लिहिणाऱ्या मुलींनी पुढचे प्रकरण लिहायला घ्यावे, बंगल्याऐवजी आपल्याच इमारतीतले.