हाडांची साक्ष किती मानावी?

देवमाशांच्या शिकारीचा इतिहास आजवर मुख्यतः कागदांवरून लिहिला गेला. जहाजांच्या रोजनिशा, तेलाच्या पिंपांचे हिशेब, विम्याचे करार ही त्याची साधने. गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला एक नवे साधन आले आहे, ते म्हणजे जुन्या हाडांतून मिळवलेला डी.एन.ए. तेव्हापासून ‘डी.एन.ए.ने इतिहास बदलला’ असे वाक्य विज्ञानविषयक लेखांत वारंवार दिसते. हे वाक्य वर्गात जसेच्या तसे सांगावे काय? दोन उदाहरणे तपासून पाहू.

पहिले उदाहरण कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरील रेड बे या बंदराचे. सोळाव्या शतकात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरील बास्क लोक दरवर्षी अटलांटिक ओलांडून येथे येत, देवमासे मारत आणि चरबी कढवून तेल युरोपात नेत. सेल्मा बार्कम या संशोधिकेने १९७०च्या दशकात स्पेनमधील जुन्या दप्तरांतून हा इतिहास उजेडात आणला. १९७८ साली बंदराच्या तळाशी एका जहाजाचे अवशेष सापडले. ते १५६५ साली बुडालेले ‘सान हुआन’ असावे असे मानले जाते.

पण बास्कांनी मारले ते देवमासे कोणत्या जातीचे? कागदांत याचे स्पष्ट उत्तर नव्हते. हाडांच्या आकारावरून तज्ज्ञांनी ठरवले की सुमारे निम्मे राइट व्हेल आणि निम्मे बोहेड. ‘राइट’ म्हणजे शिकारीला योग्य: संथ पोहणारा, भरपूर तेल देणारा आणि मेल्यावर पाण्यावर तरंगणारा. या वाटणीवरून असा हिशेब मांडला गेला की बास्कांनी सुमारे १२,२५० ते २१,००० राइट व्हेल मारले. आज उत्तर अटलांटिकमधील या जातीचे ४००हून कमी प्राणी उरले आहेत आणि त्यांच्यातील जनुकीय विविधता फार कमी आहे. त्याचा मोठा दोष बास्कांच्या माथी गेला.

२००८ साली मॅक्लिऑड आणि सहकाऱ्यांनी याची फेरतपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी बास्कांची २० ठिकाणे धुंडाळली. त्यांपैकी १० ठिकाणी हाडे मिळाली. ३६४ हाडांचे नमुने घेऊन त्यांपैकी २१८ नमुन्यांतून डी.एन.ए. काढण्यात आला. त्यासाठी तंतुकणिकांतील म्हणजे मायटोकॉन्ड्रियांतील एक जनुक वाचला. पेशीत तंतुकणिका पुष्कळ असल्याने जुन्या, झिजलेल्या हाडातही त्यांचा डी.एन.ए. टिकण्याची शक्यता जास्त असते. निकाल असा: २०३ हाडे बोहेडची, राइट व्हेलचे केवळ एक.

ही साक्ष पक्की आहे. प्रश्न सरळ होता: हे हाड कोणत्या जातीचे? उत्तरासाठी आजच्या जातींच्या डी.एन.ए.शी तुलना पुरेशी होती. मध्ये गृहीतके फार थोडी. शिवाय संशोधकांनी २०३ हाडे म्हणजे २०३ प्राणी असे म्हटले नाही. एकाच प्राण्याची अनेक हाडे असू शकतात, म्हणून त्यांनी ‘निदान ७२ बोहेड’ एवढाच दावा केला. हा संयम विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा.

तरीही मर्यादा आहेत. निम्म्या ठिकाणी हाडे मिळालीच नाहीत. किनाऱ्यावर आणून फाडलेल्या प्राण्यांचीच हाडे मिळणार. समुद्रात जखमी होऊन निसटलेल्यांची नाही. म्हणून ‘मुख्य शिकार बोहेडची होती’ हा निष्कर्ष योग्य. ‘राइट व्हेलची शिकार झालीच नाही’ हा नव्हे.

याच गटाने २०१० साली त्या एकमेव राइट व्हेलच्या हाडाचा अधिक तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या जनुकीय खुणा आजच्या प्राण्यांतील खुणांहून फारशा वेगळ्या आढळल्या नाहीत. त्यावरून या जातीची विविधता बास्कांच्या आधीपासूनच कमी असावी असे सुचवले गेले. सूचना महत्त्वाची आहे, पण हाड एकच आहे. एका विद्यार्थ्याच्या वहीवरून साऱ्या वर्गाचा निकाल लावण्यासारखे ते होईल. येथे ‘सिद्ध झाले’ हा शब्द वापरू नये.

दुसरे उदाहरण अधिक गाजलेले आहे. २००३ साली रोमन आणि पालुंबी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की शिकारीपूर्वी उत्तर अटलांटिकमध्ये हंपबॅक जातीचे सुमारे २,४०,००० देवमासे असावेत. शिकारीच्या नोंदींवरून काढलेला आकडा होता सुमारे २०,०००. म्हणजे बारा पटींचा फरक! हा अभ्यास जुन्या हाडांचा नव्हता, आजच्या प्राण्यांच्या डी.एन.ए.चा होता. लोकप्रिय लेखांत हा भेद बहुधा पुसला जातो.

या पद्धतीचे तत्त्व आडनावांच्या उदाहरणाने समजते. गावातील आडनावांच्या विविधतेवरून गावाची जुनी लोकसंख्या काढायची आहे असे समजा. वस्ती मोठी असेल तर पुष्कळ आडनावे टिकतात, लहान असेल तर काही घराणी संपतात. आडनाव वडिलांकडून येते, तंतुकणिकांचा डी.एन.ए. आईकडून; एवढाच फरक. पण बाहेरगावची माणसे येऊन राहिली तर वस्ती न वाढताही आडनावे वाढतील. नवे आडनाव किती काळाने निर्माण होते हे ठाऊक हवे. आणि जे उत्तर मिळेल ते कित्येक पिढ्यांच्या सरासरीचे असेल, अमुक एका सालच्या शिरगणतीचे नव्हे.

हेच आक्षेप २,४०,००० या आकड्याला लागू पडतात. दुसऱ्या समुद्रातून प्राणी येत असतील तर विविधता वाढते. उत्परिवर्तनाचा दर दुप्पट धरला की संख्या निम्मी होते. शिवाय आधी मिळते ती प्रजननक्षम माद्यांची संख्या. नर आणि पिल्ले धरण्यासाठी तिला पुन्हा गुणावे लागते. आणि ती सरासरी हजारो वर्षांची असल्याने शिकार सुरू होण्याच्या वेळी किती प्राणी होते हे त्यातून थेट कळत नाही. पालुंबींचा सहभाग असलेल्या गटानेच २०१३ साली अधिक जनुके आणि स्थलांतर विचारात घेऊन आकडा सुमारे १,१२,००० वर आणला. त्याची संभाव्य मर्यादा ४५,००० ते २,३५,००० अशी रुंद आहे. स्वतःचा आकडा असा सुधारणे हे विज्ञानाचे बळ होय.

हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९९४ साली स्वीकारलेल्या, पण प्रत्यक्षात न वापरलेल्या नियमानुसार एखाद्या जातीची संख्या मूळच्या ५४ टक्क्यांहून कमी असेल तर तिची व्यापारी शिकार करता येत नाही. मूळ संख्या २०,००० मानली तर ही सीमा १०,८०० येते. १,१२,००० मानली तर ६०,४८०. आणि २,४०,००० मानली तर १,२९,६००. २००३च्या सुमारास तेथे हंपबॅक होते सुमारे १०,०००. म्हणजे एका हिशेबाने शिकारीची वेळ जवळ आली होती, दुसऱ्याने ती कित्येक पिढ्या दूर होती. म्हणूनच दोन्ही बाजू आपल्या सोयीचा आकडा उचलतात.

या दोन पद्धतींना जोडणारा दुवा जुनी हाडेच देऊ शकतात. २०१२ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील पुरातत्त्वीय स्थळांतील ग्रे व्हेलच्या हाडांचा डी.एन.ए. आजच्या प्राण्यांशी ताडून पाहिला गेला. शिकारीपूर्वीचा नमुना प्रत्यक्ष हाती असल्याने घट केव्हा झाली याचा अंदाज घेता आला आणि तो व्यापारी शिकारीच्या काळाशी जुळला. हाडांचे खरे मोल येथे आहे. ती तारीख घेऊन येतात. तरीही त्यांवरून संख्या काढायची तर गृहीतके टळत नाहीत.

शिक्षकांनी हा विषय घेताना फळ्यावर दोन रकाने करावेत: ‘प्रत्यक्ष पाहिलेले’ आणि ‘हिशेबाने काढलेले’. ‘२०३ हाडे बोहेडची’ पहिल्या रकान्यात जाईल, ‘२,४०,००० हंपबॅक’ दुसऱ्या. मग प्रत्येक आकड्याखाली तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे ते विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्यावे. ‘निदान ७२ बोहेड’ कोठे लिहायचे यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा.