झुंपा लाहिरी यांच्या ‘हेमा अँड कौशिक’ कथात्रयीतील मातृशोक

झुंपा लाहिरी यांचा ‘अनअकस्टम्ड अर्थ’ हा इंग्रजी कथासंग्रह २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील आठ कथांपैकी शेवटच्या तीन ‘हेमा अँड कौशिक’ या शीर्षकाखाली एकत्र येतात. अमेरिकेतील बंगाली कुटुंबात ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर आई गमावलेल्या मुलाचा शोक हा त्यांचा गाभा आहे. प्रस्तुत लेखात या शोकाचे स्वरूप तपासावयाचे आहे.

१९८१ साली कौशिकचे कुटुंब मुंबईहून मॅसॅच्युसेट्सला परतते व काही दिवस हेमाच्या घरी राहते. आईचा कर्करोग यजमानांपासून लपविलेला असतो. सोळा वर्षांचा कौशिक तो हेमाला सांगतो, तेही घरामागील रानात, बर्फाखाली सापडलेल्या एका अनोळखी कुटुंबाच्या कबरींपाशी. आपण हिंदू नसतो तर आईलाही अशी जागा मिळाली असती, असे तो म्हणतो. आईने मात्र अस्थी अटलांटिक महासागरात सोडण्याचे वचन घेतलेले असते.

‘इयर्स एंड’ या दुसऱ्या कथेत वडील कलकत्त्याच्या चित्रा या विधवेशी विवाह करतात. तिच्यासोबत रूपा व पिऊ या दहा व सात वर्षांच्या मुली येतात. दृष्टीआड ठेवलेले आईचे फोटो त्या पाहताना दिसताच कौशिक त्यांच्या आईविषयी अत्यंत कठोर बोलतो, घर सोडतो आणि मेनच्या किनाऱ्यावर ते फोटो जमिनीत पुरतो.

ही कृती विसरण्याची धडपड म्हणून वाचता येते. परंतु पहिल्या कथेतील कबरी आठवल्या की तिचा खरा अर्थ उलगडतो. आईला न मिळालेली कबरच तो खणत असतो. मायदेशी नातेवाईक, शेजारी व वार्षिक विधी दुःख वाटून घेतात. येथे बाप-लेक एकमेकांशीही त्याविषयी बोलत नाहीत. न वाटलेले दुःख मग दुबळ्यांवर कोसळते.

ज्यांच्यावर ते कोसळते, त्या मुलीही पितृछत्र हरपलेल्या आणि परक्या देशात नवख्या आहेत. निवेदन कौशिकचे असल्याने त्यांचा शोक ऐकू येत नाही. त्याचा आंधळेपणा त्याच्याच तोंडून उघड करणे, हे लेखिकेचे कौशल्य होय. तथापि पुढील कथेतही या मुलींना स्वतःचा आवाज मिळत नाही, ही उणीव जाणवते.

ही कथा वर्गात शिकविताना अध्यापकांनी विद्यार्थ्यांना ती रात्र रूपाच्या बाजूने लिहावयास सांगावी. आई गमावलेला मुलगा सर्वांना दिसतो. वडील गमावलेल्या दोन मुली शोधाव्या लागतात.