सनदेचा राजा : लुगार्डचं पुस्तक, अचेबेची कादंबरी आणि १९२९च्या बायका

ब्रिटिशांनी एवढ्या वसाहती ताब्यात कशा ठेवल्या, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं : फोडा आणि झोडा. शाळेपासून घोकलेलं वाक्य आहे आणि ते खोटं नाही. पण फोडायला आधी काहीतरी असावं लागतं. जिथे राजा नाही, दरबार नाही, वतनदार नाही, तिथे फोडणार काय? आणि राज्य कुणाच्या हातून करणार?

आज आपण असाच एक प्रदेश पाहू : आग्नेय नायजेरियातला इग्बो लोकांचा मुलूख. त्यासाठी दोन पुस्तकं समोर ठेवायची आहेत. एक राज्यकर्त्याचं, दुसरं कादंबरीकाराचं. आणि मग दोन्ही पुस्तकांत जे सापडत नाही, त्याच्याकडे वळायचं आहे.

पहिलं पुस्तक फ्रेडरिक लुगार्डचं, १९२२ सालचं, 'द ड्युअल मॅन्डेट इन ब्रिटिश ट्रॉपिकल आफ्रिका'. लुगार्डचा जन्म १८५८चा, आपल्याकडच्या मद्रासमधला. १९०० साली तो उत्तर नायजेरियाचा हायकमिशनर झाला. तिथे सोकोटोची मोठी मुस्लिम सत्ता होती. अमीर होते, काझी होते, करवसुलीची घडी बसलेली होती. १९०३मध्ये लुगार्डच्या फौजेनं सोकोटो घेतलं, पण ही घडी मोडली नाही. ब्रिटिशांना मानणारे अमीर गादीवर राहिले आणि प्रत्येकाच्या शेजारी एक ब्रिटिश रेसिडेंट बसला. हुकूम अमीराच्या तोंडून, सल्ला रेसिडेंटचा. तो सल्ला नाकारायची सोय मात्र नव्हती.

हे ऐकताना आपल्याला सातारा आठवणं साहजिक आहे. १८१८मध्ये पेशवाई गेल्यावर प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, शेजारी ग्रँट डफला नेमलं. १८३९मध्ये महाराज डोईजड वाटले तेव्हा त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि १८४८मध्ये संस्थानच खालसा केलं. म्हणजे ही युक्ती आफ्रिकेत जन्मली नाही. लुगार्डनं तिला तत्त्वज्ञानाचा पोशाख चढवला. त्याचं म्हणणं असं की वसाहतीच्या सत्तेवर दुहेरी जबाबदारी आहे : तिथल्या लोकांचं भलं करायचं आणि तिथली संपत्ती जगाच्या व्यापाराला खुली करायची. आणि लोकांवर राज्य करायचं ते त्यांच्याच पारंपरिक प्रमुखांमार्फत.

यामागे साधा हिशेब होता, हे विसरायला नको. १९३०च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातल्या सुमारे दोन कोटी लोकांवर ब्रिटिश प्रशासकीय अधिकारी होते जेमतेम चारशेच्या आसपास. एवढ्या माणसांत गावोगाव कर गोळा होत नाही. स्थानिक हात लागतातच. लुगार्ड याला लोकांच्या परंपरेचा आदर म्हणतो. आम्हाला वाटतं, पुस्तकातली सगळ्यात मोठी लबाडी इथे आहे. गरज होती स्वस्त कारभाराची आणि तिला नाव मिळालं आदराचं.

ही लबाडी इग्बो मुलखात उघडी पडते. बहुतेक इग्बो गावांत राजा नव्हताच. कुळातले वडीलधारे, समवयस्कांचे गट, मान मिळवलेली माणसं, पुजारी आणि बायकांच्या स्वतंत्र सभा, अशा अनेक ठिकाणी सत्ता वाटलेली होती. चर्चा व्हायची, वेळ लागायचा, मग निर्णय. ब्रिटिशांनी इथे माणसं निवडली आणि त्यांना सनद दिली. इंग्रजीत वॉरंट. आपल्याला वॉरंट म्हटलं की अटक आठवते; इथे मात्र वॉरंट म्हणजे प्रमुखपदाचा कागद. ज्याच्या हाती कागद, तो वॉरंट चीफ. तो नेटिव्ह कोर्टात न्यायाला बसणार, रस्त्याच्या कामाला माणसं पुरवणार. ही पद्धत लुगार्डच्या आधीपासूनची; १९१४मध्ये उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एक केल्यावर त्यानं तिला उत्तरेच्या साच्यात बसवायचा प्रयत्न केला. जी परंपरा जपतो असं पुस्तक सांगतं, ती इथे कचेरीत तयार होत होती.

आता दुसरं पुस्तक. चिनुआ अचेबे यांची १९६४ सालची कादंबरी, 'अ‍ॅरो ऑफ गॉड'. काळ १९२०च्या आसपासचा. उमुआरो नावाची सहा गावं, त्यांचा देव उलू आणि त्याचा पुजारी एझेउलू. जिल्हा अधिकारी विंटरबॉटम याला वरून आदेश येतो की चीफ नेमा. गंमत अशी की विंटरबॉटमलाच हे धोरण पटत नाही. पूर्वी त्यानं नेमलेल्या एका वॉरंट चीफनं लोकांना लुबाडून स्वतःला राजा म्हणवून घेतलेलं त्यानं पाहिलंय. तरी तो आदेश पाळतो. त्याला एझेउलू प्रामाणिक वाटतो, म्हणून सनद त्याला देऊ केली जाते. एझेउलू नाकारतो. आपण उलूशिवाय कुणाचेही होणार नाही, ही त्याची भूमिका. नाकारल्याबद्दल तो कैदेत जातो.

इथे अचेबे फार बारीक गोष्ट दाखवतात. एझेउलूनं दर नव्या चंद्राला एक पवित्र याम खायचा असतो. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. ते याम संपत आले की नव्या पिकाचा सण जाहीर करायचा. कैदेत दोन चंद्र निघून जातात, याम उरतात. परतल्यावर तो सण पुढे ढकलतो. पीक जमिनीत सडू लागतं, उपासमार येते आणि लोक मिशनच्या देवळाकडे वळतात. गोळी कुणीच झाडलेली नाही. एका कारकुनी आदेशानं गावाचं पंचांग मोडलं. सनद नाकारली तरी ती आपलं काम करून गेली.

लुगार्डला जे दिसत नाही ते अचेबेंना दिसतं, यात शंका नाही. पण आपण कादंबरीलाही एक प्रश्न विचारायला हवा. यात बायका कुठे आहेत? घरात आहेत, सणात आहेत, गाण्यात आणि भांडणात आहेत. सत्तेचा निर्णय होतो तिथे नाहीत. कथानक १९२९च्या आधीचं आहे, ही बाजू खरी. तरीही शोकांतिका एका गर्विष्ठ पुरुषाची होते आणि सनदेला विरोध म्हणजे पुजाऱ्याचा विरोध, असा समज वाचकाच्या मनात राहतो. प्रत्यक्षात त्या सनदेचा कणा मोडला तो बायकांनी.

१९२८मध्ये तिथे पुरुषांवर थेट कर बसला. नोव्हेंबर १९२९मध्ये ओलोको या गावी वॉरंट चीफ ओकुगोनं मोजणीसाठी माणूस पाठवला. तो न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला आणि तिची माणसं, शेळ्यामेंढ्या मोजायला सांगू लागला. तिनं त्याला उलट त्याच्या आईची मोजणी झाली होती का, असं विचारलं. आता बायकांवरही कर येणार, हे सगळ्यांनी ताडलं. मग जुनी रीत वापरात आली : अन्याय करणाऱ्याच्या दाराशी जमायचं, नाचायचं, त्याची टर उडवणारी गाणी म्हणायची, त्याचं जगणं मुश्कील करायचं. हजारो बायका उठल्या. वॉरंट चीफांकडे अधिकाराची टोपी परत मागितली, नेटिव्ह कोर्टं मोडली, जाळली. सैन्यानं आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक जीव गेले, जवळजवळ सगळे बायकांचे.

ब्रिटिश दप्तरात याचं नाव 'आबा दंगल'. इग्बो बायका याला युद्ध म्हणतात. 'दंगल' म्हटलं की मागणी नाहीशी होते, उरतो फक्त गोंधळ. त्या बायकांनी काय मोडलं ते पाहा : कोर्ट आणि चीफची टोपी. त्यांना नेमकं ठाऊक होतं की सत्ता कुठे ठेवलेली आहे.

पुढे १९३०मध्ये चौकशी आयोग बसला. वॉरंट चीफ गेले, गावांच्या पंचमंडळी आल्या, काही कोर्टांत बायकाही बसल्या. पुरुषांवरचा कर मात्र राहिला आणि या मंडळींनाही हिशेब वरच द्यायचा होता. म्हणून विजय म्हणताना आपण जपून बोलू.

तर 'फोडा आणि झोडा' हे उत्तर आपण टाकून देत नाही, पण ते अपुरं आहे. आधी एक प्रमुख घडवायचा, त्याला 'परंपरा' म्हणायचं आणि त्याचं तोंड गावाकडून कचेरीकडे वळवायचं, हे त्याहून खोल काम होतं. राज्यकर्ते गेले तरी असे घडवलेले प्रमुख आणि अशा घडवलेल्या परंपरा मागे राहतात. पुढच्या वेळी कुणी 'आमच्याकडे पूर्वापार असंच आहे' म्हणालं, तर आपण एवढंच विचारू : ही सनद कुणी दिली, आणि त्या वेळी बायकांना कुणी विचारलं होतं का?

आता तुमचे प्रश्न घेऊ.