तारण, अध्यक्ष आणि विश्वास : मराठी नव्या करारातील काही शब्दसंबंध

मराठी बायबलविषयीची चर्चा बहुधा त्याच्या भाषेच्या वळणापाशी येऊन थांबते. १८११ मध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली नवा करार मराठीत निघाला. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ मध्ये सिद्ध झाला. पुढे त्यावर अनेकवार संस्करणे झाली. ह्या साऱ्या प्रवासावर ‘मिशनरी मराठी’ असा शिक्का मारून समीक्षक मोकळे होतात. अधिक अभ्यासू समीक्षक असेल तर तो एखादा शब्द संस्कृत आहे की बोलीतला, हिंदू परंपरेतून घेतला आहे की नवा घडवला आहे, एवढे तपासतो. ही कसोटी निरर्थक नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यामागे हाच विचार होता : दर्शनांच्या परिभाषेने जड झालेले शब्द टाळून अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशी मराठी योजावी. उलट टोकाला फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास संकोच केला नाही. दोन्ही भूमिकांचा केंद्रबिंदू मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे सुटा शब्द.

परंतु ग्रंथाचा अर्थ सुट्या शब्दांत जितका असतो त्याहून अधिक शब्दांच्या परस्परसंबंधांत असतो. मूळात जे दोन प्रसंग एकाच धातूने बांधलेले आहेत ते भाषांतरात तसे बांधलेले राहतात की सुटतात, हा प्रश्न शब्दाच्या कुळापेक्षा महत्त्वाचा आहे. तारण कशात आहे, मंडळीचा पुढारी कोण, रोजच्या जगण्यात विश्वासाचे रूप कोणते, हे ख्रिस्ती धर्मविचारातील तीन जुने वाद मराठीत पुष्कळदा प्रवचनकाराच्या हाती येण्यापूर्वीच भाषांतरकाराने निकालात काढलेले असतात. बहुसंख्य मराठी वाचकांसमोर मूळ ग्रीक नसते. त्यामुळे निकाल दिला गेला आहे हेच त्यांना कळत नाही. पुढील विवेचनात ‘प्रचलित आवृत्ती’ म्हणजे बायबल सोसायटीची, मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सर्वत्र वाचली जाणारी आवृत्ती समजावी.

ग्रीक ‘सोझो’ ह्या क्रियापदाचा व्याप मोठा आहे. बुडत्याला वाचवणे, आजाऱ्याला बरे करणे, शत्रूपासून सोडवणे आणि पापापासून उद्धार करणे ह्या सर्वांस ते चालते. ह्यासाठी मराठीने निवडलेला ‘तारण’ हा शब्द ‘मोक्ष’ किंवा ‘मुक्ती’ ह्यांहून अनेक दृष्टींनी सरस आहे, आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. ‘तरणे’ हे अकर्मक क्रियापद आणि ‘तारणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. मरणे-मारणे, पडणे-पाडणे ह्यांसारखीच ही जोडी. तरणारा स्वतःच्या बळावरही तरू शकतो. तारण्यास मात्र तारणारा लागतो. ‘तारण’ हे नाम प्रयोजक अंगापासून झालेले असल्यामुळे दुसऱ्या कोणाचा तरी हात त्यात गृहीतच असतो. ‘मोक्ष’ शब्दाला असा हात आवश्यक नाही. तो ज्ञानानेही मिळतो. भवसागराच्या पैलतीरी नेणाऱ्या देवाची जी कल्पना वारकरी संतांनी घरोघर नेली, तिचा लाभही ‘तारण’ शब्दास आपोआप मिळाला. म्हणजे परंपरेपासून अलिप्त म्हणून तो निवडला गेला असे मानण्याचे कारण नाही. तो भक्तीच्या भांडारातलाच आहे, आणि म्हणूनच चालला. गहाणवटीच्या अर्थाचा ‘तारण’ शब्द शेजारी असूनही कोणा वाचकाचा गोंधळ झालेला नाही, हीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

तथापि ‘तारण होणे’ ही जी वाक्यरचना रूढ झाली तिने एक नवी अडचण आणली. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ग्रीक क्रियारूप पूर्ण कर्मणी आहे : क्रिया घडून गेली व तिचा परिणाम टिकून आहे. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात त्याच क्रियापदाचे वर्तमान कृदंत येते, म्हणजे तारण चालू आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात भविष्यकाळ आहे, तर आठव्यात भूतकाळ. काळांची ही विविधता प्रचलित आवृत्तीने बव्हंशी सांभाळली आहे. पण व्यक्ती षष्ठीत आणि ‘तारण’ कर्तृस्थानी अशी रचना वारंवार येऊ लागली की तारण ही प्रक्रिया न वाटता वस्तू वाटू लागते : एकदा मिळालेली, आता आपल्या मालकीची. ‘तुझे तारण झाले आहे का?’ हा प्रश्न मराठी ख्रिस्ती बोलण्यात जितक्या सहज येतो तितका ‘तू तारला जात आहेस का?’ हा येत नाही. पहिला प्रश्न तारखेची अपेक्षा करतो. पौलाच्या लेखनात ह्या दोन्ही प्रश्नांना जागा आहे.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर वाचकांना स्वतःचे तारण सिद्धीस नेण्याची आज्ञा आहे. येथे प्रचलित आवृत्तीने ‘साधून घेणे’ हे क्रियापद योजले आहे. साधना, साधक, साध्य असे सारे कुटुंब त्याच्यामागे उभे राहते. केवळ कृपेचा आग्रह धरणाऱ्या वाचकास ते खटकण्याचा संभव आहे. वस्तुतः ग्रीक क्रियापदातही शेवटास नेण्याच्या परिश्रमाचा अर्थ आहे, तेव्हा ‘साधणे’ हे धाडस नसून अचूकपणा आहे. खरी अडचण ‘घ्या’ ह्या रूपात आहे. मूळात आज्ञा निःसंशय अनेकवचनी आहे आणि तिचा रोख सबंध मंडळीच्या परस्परव्यवहारावर आहे, असे अनेक भाष्यकार मानतात. मराठीत ‘घ्या’ अनेकांना म्हणता येते तसेच एका आदरणीय व्यक्तीलाही. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद तर फळ कर्त्याच्याच पदरी टाकते. परिणामी मंडळीला दिलेली आज्ञा एकट्या भक्ताच्या कानात पडते.

ह्याहून गंभीर आहे ती ‘सोझो’च्या व्याप्तीची फाटाफूट. रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला येशू जे वाक्य बोलतो (मार्क ५:३४) तेच वाक्य, शब्दाला शब्द, शिमोन परूश्याच्या घरी आलेल्या पापी स्त्रीला उद्देशून येते (लूक ७:५०). प्रचलित आवृत्तीत पहिलीला विश्वासाने बरे केले, दुसरीला तारले. इंग्रजीतील १६११ च्या अधिकृत भाषांतरानेही असेच केले होते, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. पण लूकच्या सतराव्या अध्यायात ह्या फाटाफुटीने अर्थच उणावतो. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले. त्यांतला एकच, तोही शोमरोनी, परत येऊन उपकार मानतो, आणि मग त्याच्या एकट्याविषयी ‘सोझो’ येते. बरे होण्यासाठी तोवर वेगळी क्रियापदे वापरून झालेली आहेत. दहाही जण बरे झाले असताना दहाव्याला पुन्हा ‘बरे केले’ म्हणण्याने त्याला इतरांहून अधिक काय मिळाले ते सांगायचे राहून जाते. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्राचे भाषण ह्याच शब्दावर उभे आहे : लंगडा कोणाच्या नावाने ‘सोझो’ झाला हा चौकशीचा विषय, आणि त्याच नावावाचून कोणाचेही ‘सोझो’ होणे नाही हा तीनच वचनांनंतरचा निष्कर्ष. मराठीत लंगडा बरा होतो आणि श्रोत्यांना तारणाविषयी सांगितले जाते. युक्तिवादाची बिजागरी निखळते. शरीराचे दुखणे एका खात्यात आणि आत्म्याचा उद्धार दुसऱ्या खात्यात, ही विभागणी शुभवर्तमानकारांची नव्हे.

मंडळीच्या नेतृत्वाच्या शब्दांत मराठीने पुष्कळ प्रामाणिकपणा दाखवला आहे. ‘एपिस्कोपॉस’ म्हणजे वरून पाहणारा. त्यास ‘अध्यक्ष’ हा प्रतिशब्द अवयवशः जुळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच ‘अध्यक्षप्रचार’ आहे, आणि तेथील अध्यक्ष हा देखरेख करणारा अधिकारी आहे, सभेत खुर्चीवर बसणारा नव्हे. आज मात्र हा शब्द संस्था, संमेलने आणि पक्ष ह्यांनी बळकावला आहे. ‘प्रेस्ब्युतेरॉस’साठी आलेला ‘वडील’ हा शब्द घरातला. ग्रीकप्रमाणेच वय आणि पद ह्यांतली संदिग्धता तो राखतो. महत्त्वाचे हे की प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल इफिसच्या वडिलांना बोलावतो आणि त्यांनाच पुढे अध्यक्ष म्हणतो. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातही दोन्ही शब्द एकाच पदाला लागतात. चौथ्या-पाचव्या शतकांतील जेरोमनेही ह्यावर बोट ठेवले होते. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने फिलिप्पैकरांस पत्रात ‘बिशप’ आणि इफिसच्या वडिलांच्या बाबतीत निराळाच शब्द वापरून हा पुरावा झाकला. मराठीने दोन्हीकडे ‘अध्यक्ष’ ठेवून तो उघडा ठेवला. ‘एक्लेसिआ’ला ‘मंडळी’ म्हणण्यातही तेच. सोळाव्या शतकात विल्यम टिंडलने ह्याच अर्थाचा इंग्रजी शब्द योजला तेव्हा टॉमस मोरने त्याच्यावर ग्रंथभर हल्ला चढवला. मराठीत हा शब्द वादाशिवाय रुळला.

पण ग्रंथाने उघडे ठेवलेले व्यवहाराने झाकले. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत बिशप नव्हते. अँग्लिकन मंडळ्यांत होते. १९७० मध्ये उत्तर भारताच्या मंडळीत दोन्ही परंपरा एकत्र आल्या, बिशपपद सर्वांचे झाले, आणि बोलण्यात शब्द राहिला तो ‘बिशप’ हाच. वेदीजवळ बिशप आणि पुस्तकात अध्यक्ष, अशी स्थिती असताना ते मूळ एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत हे उपासकाने कोठून ओळखावे? एकोणिसशे सतरा साली नारायण वामन टिळकांनी मिशन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली, तेव्हा नेतृत्वाचा प्रश्न त्यांनी पदांच्या नावांतून बाहेरच काढला. तो प्रयोग फार टिकला नाही. परंतु शास्त्रातील शब्द आणि मिशनची व्यवस्था एक नव्हेत, हे त्यांना स्पष्ट दिसले होते.

वेतनाविषयीही एक टिपण करावेसे वाटते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चांगल्या वडिलांना दुप्पट ‘तिमे’ द्यावी असे आहे. प्रचलित आवृत्तीने ‘सन्मान’ म्हटले. लगेच पुढे मळणीच्या बैलाचा व मजुरीचा दाखला येतो, त्यामुळे नुसता सन्मान अपुरा पडतो. ‘तिमे’ शब्दात मान आणि मोल दोन्ही आहेत. मराठीत ‘मानधन’ हा नेमका शब्द हाताशी असताना तो न सुचावा हे आश्चर्य.

मराठीचा प्रामाणिकपणा फीबीपाशी मात्र संपतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तिला किंख्रियेच्या मंडळीची ‘दिआकोनॉस’ म्हटले आहे. रूप तेच जे फिलिप्पैच्या पदाधिकाऱ्यांना लावले आहे. ग्रीकमध्ये त्याला वेगळे स्त्रीलिंगी रूप तेथे वापरलेले नाही. मराठीला लिंग सांगावेच लागते, म्हणून ‘सेवक’ची ‘सेविका’ झाली. हे व्याकरणाने भागच पाडले असे म्हणता येईल, पण ‘अध्यक्ष व सेवक’ ह्या जोडीत ‘सेवक’ पद वाटते आणि एकट्या ‘सेविका’त चाकरी वाटते. पुढच्याच वचनात तिला ‘प्रोस्तातिस’ म्हटले आहे. हा शब्द ज्या क्रियापदाचा आहे तेच क्रियापद तीमथ्याच्या पत्रात अध्यक्षाने घर कसे चालवावे हे सांगताना येते. तेथे मराठीने व्यवस्था पाहिली, येथे साहाय्य. आश्रयदात्री किंवा पुरस्कर्ती असा शब्द योजला असता तर स्त्रियांच्या दीक्षेविषयी वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांना निदान पुरावा समोर ठेवून वाद करता आला असता.

‘पिस्तिस’साठी ‘विश्वास’ हा शब्द भाग्याचा ठरला, कारण विश्वास ठेवणारा आणि विश्वासू ही ग्रीकमधली दुहेरी व्याप्ती त्यात जवळजवळ अखंड येते. ‘श्रद्धा’ शब्दात ती आली नसती. फक्त गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ‘ख्रिस्ताचा पिस्तिस’ ह्या षष्ठीचा निर्णय ‘ख्रिस्तावरील विश्वास’ असा घाईने लावला गेला. तो ख्रिस्ताचा स्वतःचा विश्वासूपणाही असू शकतो, हे मत रिचर्ड हेज यांच्या १९८३ च्या ग्रंथानंतर पाश्चात्त्य अभ्यासकांत जोमाने मांडले गेले. ‘आईची माया’ आणि ‘देवाची भक्ती’ ह्या दोन्ही प्रयोगांत एकच षष्ठी पेलणाऱ्या मराठीला ती संदिग्धता राखणे अवघड नव्हते.

ह्या सर्व धाग्यांची गाठ याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पडते. कृतीवाचून विश्वास त्या माणसाला ‘सोझो’ करू शकेल काय, असा प्रश्न तेथे आहे. नाम आणि क्रियापद दोन्ही येशूने त्या रक्तस्रावी स्त्रीला म्हटलेलेच. मग दाखला येतो : उघड्या, त्या दिवसाच्या अन्नालाही मोताद असलेल्या भावाबहिणीला कोणी काही न देता शांतीचा निरोप देतो, आणि हाही निरोप मार्कमधलाच. लूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत ह्या पत्राला गवताचे म्हटले, ते पौलाशी त्याची तुलना करून. पण याकोबाचे शब्द पौलाइतकेच, किंबहुना अधिक, शुभवर्तमानांशी बोलत आहेत. येशूच्या तोंडी त्या निरोपाआधी स्त्री बरी झालेली आहे. याकोबाच्या दाखल्यात निरोपाआधी काहीच घडलेले नाही. मराठी वाचकाला एकीकडे ‘बरे करणे’ आणि दुसरीकडे ‘तारणे’ वाचावे लागते, आणि दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून दूरच राहतात.