कूळ, मालक आणि वर्गणीदार : क्लाउड गेमिंगच्या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय खेळ हा आज केवळ फावल्या वेळेचा विरंगुळा राहिलेला नाही. कथा, चित्र, संगीत आणि संगणनशास्त्र यांच्या संयोगातून उभे राहिलेले ते एक स्वतंत्र माध्यम आहे. मात्र या माध्यमाच्या दाराशी आजवर यंत्राची किंमत उभी होती. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एस या तुलनेने स्वस्त खेळयंत्राचीही किंमत ३४,९९० रुपये होती. सामान्य शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला ही रक्कम परवडणारी नाही.

क्लाउड गेमिंगने नेमका हाच अडसर दूर केल्याचा दावा केला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरू केलेल्या जाहिरात मोहिमेचा आशय असा होता की, हातातला फोन, घरातला टीव्ही, टेबलावरचा लॅपटॉप यांपैकी प्रत्येक वस्तू एक्सबॉक्सच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कंपनीची क्लाउड सेवा भारतात सुरू झाली. त्यापूर्वी २०२२ मध्ये जिओने जिओगेम्सक्लाउड या सेवेची चाचणी आवृत्ती आणली होती. यंत्र घेण्याची गरज संपली, हा या सर्व सेवांमागील समान युक्तिवाद आहे. प्रस्तुत लेखात हा युक्तिवाद बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात तपासून पाहिला आहे.

क्लाउड गेमिंगचे स्वरूप

या व्यवस्थेत खेळ वापरकर्त्याच्या यंत्रावर चालत नाही. तो दूरच्या डेटा सेंटरमधील शक्तिशाली संगणकावर चालतो आणि त्याचे चित्र व ध्वनी व्हिडिओच्या रूपाने पडद्यापर्यंत येतात. वापरकर्त्याने बटण दाबले की तो संकेत त्या संगणकापर्यंत जातो, तेथे पुढचे चित्र तयार होते आणि ते परत येते. चित्रपट पाहताना काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवता येतो. खेळात ही सोय नाही, कारण पुढचे चित्र खेळाडूच्या कृतीवर अवलंबून असते. म्हणून विलंब हा या तंत्रज्ञानाचा मूलभूत प्रश्न आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. येण्या-जाण्यात अशी पाच-सहा चित्रे मागे पडली की खेळाडूला हात जड झाल्यासारखे वाटू लागते.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत चारशे किलोमीटरांच्या आत आहे. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. या हिशेबाने मुंबईतील डेटा सेंटरपर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे चार मिलिसेकंद पुरेसे आहेत. म्हणजे जिल्ह्याचे महानगरापासूनचे अंतर ही खरी अडचण नाही. अडचण आहे ती शेवटच्या टप्प्याची, म्हणजे प्रकाशतंतू जेथे संपतो तेथून विद्यार्थ्याच्या फोनपर्यंतच्या वाटेची.

या जिल्ह्यात कोणत्याही सार्वजनिक सोयीचा विचार ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असा वेगवेगळा करावा लागतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि खामगाव हा पट्टा लोहमार्ग व मुंबई-नागपूर महामार्ग यांच्या आधाराने वाढला. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या बाजूस आहेत. एकाच मोबाइल मनोऱ्यावर अनेक गावांचा भार पडतो, दरीत आणि उतारावर लहरी अडतात आणि संध्याकाळी सर्वांचा वापर एकाच वेळी वाढतो. अशा वेळी सरासरी वेग चांगला असूनही विलंब कमी-जास्त होत राहतो. चित्रपटाला वेग पुरतो. खेळाला मात्र सातत्य लागते, ही बाब जाहिरातीत येत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्यालाही मंजुरी मिळाली. या योजनेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीपर्यंत आलेला तंतू आणि घराच्या आत आलेली जोडणी यांत फरक असतो. क्लाउड गेमिंगचा दावा या दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे.

खर्चाचा हिशेब

क्लाउड सेवा स्वस्त आहे काय? नोव्हेंबर २०२५ मधील दरांनुसार एक्सबॉक्सच्या प्राथमिक योजनेची मासिक वर्गणी ४९९ रुपये आणि सर्वोच्च योजनेची १,३८९ रुपये होती. प्राथमिक योजनेचे वर्षाला ५,९८८ रुपये होतात. सर्वोच्च योजनेचे तीन वर्षांत ५०,००४ रुपये होतात. ही रक्कम सिरीज एसच्या मूळ किमतीपेक्षा १५ हजारांनी अधिक आहे आणि तिच्या अखेरीस वापरकर्त्याच्या हाती काहीही उरत नाही. यंत्र जुने झाले तरी ते विकता येते, धाकट्या भावंडाला देता येते, शेजाऱ्याला आठवडाभर वापरायला देता येते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नव्या मोठ्या खेळाची किंमत चार-पाच हजार रुपयांपर्यंत जाते आणि वर्गणीत असे अनेक खेळ समाविष्ट असतात. ज्याला वर्षातून दोनच महिने, म्हणजे परीक्षा संपल्यावर, खेळायचे आहे त्याच्यासाठी वर्गणी निश्चितच किफायतशीर ठरते. मात्र या हिशेबात डेटाचा खर्च धरला जात नाही. सेकंदाला १० मेगाबिट या माफक दरानेही तासाला साडेचार जीबी डेटा लागतो. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेत तो वीस मिनिटांत संपतो. काही योजनांत ५जी डेटावर मर्यादा नसते, हे खरे. परंतु त्यासाठी ५जी फोन हवा आणि त्या मनोऱ्याची पोहोच हवी. थोडक्यात, यंत्राचा खर्च नाहीसा झालेला नाही. तो डेटा, वर्गणी आणि नवा फोन यांत विभागला गेला आहे.

कुळाचे हक्क

येथवरचा आक्षेप कालांतराने दूर होऊ शकेल. जोडण्या सुधारतील आणि दरही उतरतील. मुख्य प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो आणि तो नात्याचा आहे. विदर्भातील वाचकास हे नाते समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जमीन कसणारा आणि जमिनीचा मालक यांच्यातील संबंध येथे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवास आलेला आहे. विदर्भासाठी १९५८ मध्ये स्वतंत्र कुळवहिवाट कायदा झाला. त्याने खंडावर मर्यादा घातली, कुळाला मनमानी पद्धतीने काढून टाकण्यास प्रतिबंध केला आणि कसत असलेली जमीन विकत घेण्याचा मार्ग दिला. दुसऱ्याच्या मालमत्तेवर अवलंबून असणाऱ्यालाही काही हक्क असतात, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले.

क्लाउड गेमिंगमधील वर्गणीदार हा एका अर्थाने कूळच आहे, पण यांपैकी एकही हक्क त्याच्याकडे नाही. वर्गणी किती वाढावी, कोणता खेळ यादीतून जावा, सेवा केव्हा बंद व्हावी, हे सर्व मालक ठरवतो. ही भीती काल्पनिक नाही. २०१० मध्ये सुरू झालेली ऑनलाइव्ह ही या क्षेत्रातील आरंभीची सेवा ३० एप्रिल २०१५ रोजी बंद पडली आणि वापरकर्त्यांनी तेथे पैसे देऊन मिळवलेला खेळांचा प्रवेशही तिच्याबरोबर संपला. गूगलची स्टॅडिया ही सेवा १९ नोव्हेंबर २०१९ रोजी आली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. गूगलने यंत्रांचे आणि खेळांचे पैसे परत केले, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. परंतु स्टॅडियाचे एकच अंग पुढे वापरात राहिले. हातात धरण्याचा नियंत्रक कंपनीने ब्लूटूथवर चालण्यासाठी मोकळा करून दिला, म्हणून तो इतर यंत्रांशी जोडता आला. सर्व्हरवरचे सर्व गेले आणि हातातली वस्तू उरली.

स्वतः विकत घेतलेला खेळही या व्यवस्थेत सुरक्षित नसतो. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ ही सेवा फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. वापरकर्त्याने अन्यत्र खरेदी केलेले खेळ येथे चालवता येत. त्याच महिन्यात ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले खेळ तेथून काढून घेतले. वापरकर्त्याची खरेदी कायम होती, तरी तो खेळ या सेवेवर चालवण्याची वाट बंद झाली. युबिसॉफ्टच्या वर्गणी विभागाचे संचालक फिलिप ट्रेम्ब्ले यांनी जानेवारी २०२४ मध्ये असे मत मांडले की, खेळ मालकीचा नसण्याची खेळाडूंनी सवय करून घ्यावी लागेल. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी याच कंपनीने ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला.

मालकीचा पक्ष मांडतानाही सावध राहणे आवश्यक आहे. सिरीज एस या यंत्रात तबकडीसाठी जागाच नाही. त्यावरील खेळ डाउनलोड करावे लागतात आणि तेही परवान्यावरच मिळतात. म्हणजे यंत्र मालकीचे असले तरी खेळ मालकीचा असतोच असे नाही. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा विक्रीच्या वेळी ग्राहकाला केवळ परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक केले आहे. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एकाच पक्षाला देणारी अट तिच्या कक्षेत येते आणि अशा तक्रारीसाठी राज्य ग्राहक आयोगाकडे जाता येते. वर्गणीदाराला कुळाचे हक्क मिळवून देण्याचा एक दरवाजा येथे उपलब्ध आहे. त्याची माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे हे वाणिज्य व विधी विषयांच्या अध्यापकांचे काम ठरते.

वाचनालयाचा पर्याय

मालकी नसणे ही गोष्ट मुळातच वाईट आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकही वाचकाच्या मालकीचे नसते. तरीही १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानाच्या आधाराने तालुक्या-तालुक्यांत टिकलेल्या वाचनालयांनी वाचकाला परावलंबी केले नाही. याचे कारण असे की, पुस्तक गावातच असते, संस्था गावातल्या लोकांची असते आणि प्रकाशक बंद पडला तरी कपाटातले पुस्तक जात नाही. तेव्हा निवड केवळ मालकी आणि भाडे यांत नाही. सामायिक वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, हा खरा प्रश्न आहे.

हे तत्त्व महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेत राबवता येते. प्रयोगशाळेतील एका चांगल्या संगणकावरील खेळ किंवा त्रिमितीय चित्रणाची प्रणाली अंतर्गत जाळ्यातून जुन्या संगणकाच्या पडद्यावर वापरता येते. स्टीमने २०१४ पासून अशी सोय दिली आहे. सनशाइन आणि मूनलाइट या मुक्त प्रणालीही हेच काम करतात. यात बाहेरचा डेटा खर्च होत नाही आणि केबलच्या जोडणीमुळे विलंबही नगण्य राहतो. सर्वसाधारणपणे एका संगणकाचा लाभ एका वेळी एकालाच होतो. त्यामुळे वाचनालयाप्रमाणे पाळी लावावी लागेल. बहुतेक व्यापारी खेळांचे परवाने वैयक्तिक वापरापुरते असतात, याचेही भान ठेवावे लागेल. म्हणून ‘झिरो ए.डी.’ किंवा ‘सुपरटक्सकार्ट’ यांसारखे मुक्त खेळ आणि विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली निर्मिती येथे अधिक उपयुक्त ठरेल.

निर्मितीचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथांवर आधारलेली अशी कृती घडते ती यंत्र उघडून पाहण्याची, प्रणाली बदलून पाहण्याची आणि चुका करण्याची मुभा असलेल्या ठिकाणी. खेळ पुरवणारी क्लाउड सेवा केवळ खेळू देते. ब्लेंडर किंवा गोडो यांसारखी विनामूल्य साधने बसवून पाहायची असतील तर स्वतःच्या अथवा संस्थेच्या ताब्यातील संगणकच लागतो. राज्याने २०२५ मध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी धोरण स्वीकारले आहे. त्याचा लाभ मुंबई-पुण्यापलीकडे पोहोचायचा असेल, तर लोणारच्या किंवा मेहकरच्या विद्यार्थ्यापुढे केवळ पडदा असून भागणार नाही.

समारोप

क्लाउड गेमिंग हे उपयुक्त तंत्रज्ञान आहे. प्रसंगोपात खेळणाऱ्यास आणि चांगली जोडणी असणाऱ्यास ते खऱ्या अर्थाने नवा अनुभव खुला करून देते. परंतु ते यंत्राच्या मालकीला पर्याय आहे, हा दावा बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात टिकत नाही. त्याने खर्च नाहीसा केलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. त्याने वापरकर्त्याला मालकीच्या ओझ्यातून मोकळे करताना हक्कांतूनही मोकळे केले आहे. महाविद्यालयांनी संगणक प्रयोगशाळेच्या पुढील खरेदीचा निर्णय घेताना या फरकाचा विचार करणे अगत्याचे आहे. सेवांच्या वर्गण्यांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग ताब्यात राहणाऱ्या एका चांगल्या संगणकावर झाला, तर तो विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांना पुरेल. ज्या प्रदेशाने कुळाला कायद्याने हक्क मिळालेले पाहिले, त्या प्रदेशातील विद्यार्थ्याने हक्कांविना नवे कूळ होऊन राहावे, हे त्या इतिहासाशी सुसंगत ठरणार नाही.