आधी साचा, मग साक्ष

पीटर टिरेल पेशाने शिंपी होता. त्याच्या हाती सुई-कात्री दिली ती आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लेटरफ्रॅक इथल्या औद्योगिक शाळेने. ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाची ती निवासी शाळा. घरच्या गरिबीपायी १९२४ मध्ये, आठव्या वर्षी, त्याला तिथे टाकलं आणि १९३२ पर्यंत तो तिथेच राहिला. त्या आठ वर्षांत पोरांना कशाने मारत, किती मारत, कोण मारत, हे तो पुढे जन्मभर सांगत राहिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतून लढताना तो जर्मनांच्या हाती सापडला. शत्रूच्या छावणीतले दिवस लेटरफ्रॅकपेक्षा बरे गेले, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने धर्मसंघाला पत्रं लिहिली, पुढाऱ्यांना लिहिली. मनापासून ऐकून घेणारा भेटला तो ओवेन शीही-स्केफिंग्टन हा डब्लिनचा सेनेटर. हे सगळं सविस्तर लिहून काढ, असं त्याने सुचवलं आणि टिरेलने लिहून काढलं. त्याच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. १९६७ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर त्याने स्वतःला जाळून घेतलं. ओळख पटायला जवळजवळ वर्ष गेलं. पोलिसांच्या हाती लागला होता फक्त एका पोस्टकार्डाचा फाटका तुकडा, त्यावर 'स्केफिंग्टन' आणि 'डब्लिन' हे शब्द तेवढे शाबूत होते.

हस्तलिखित सेनेटरच्या कागदपत्रांबरोबर आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन पडलं. २००६ मध्ये डिअरमिड व्हेलन या अभ्यासकाने ते संपादित करून 'फाउंडेड ऑन फिअर' या नावाने बाहेर आणलं. लेखक जाऊन ३९ वर्षं झाली होती.

बालपणीच्या छळाची आत्मकथनं आणि त्यांच्या खरेखोटेपणाचे वाद मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे, आणि दर वेळी टिरेलपाशी येऊन थांबते. कारण या वादांत जे बोललं जातं त्यापेक्षा वेगळंच काही त्याच्या कहाणीत दिसतं. आपण म्हणतो, पुस्तक पटलं म्हणून विश्वास ठेवला, किंवा पटलं नाही म्हणून शंका घेतली. प्रत्यक्षात पुस्तक उघडण्याआधीच बरंच काही ठरलेलं असतं. त्या दुःखाचा साचा समाजाच्या डोक्यात तयार असेल तर खोटी साक्षसुद्धा त्यात नीट बसते. साचाच नसेल तर खरी साक्षही वर्षानुवर्षं दारात उभी राहते. १९६० च्या आसपासच्या आयर्लंडमध्ये 'धर्मबंधू मुलांना छळतात' हा साचाच नव्हता.

पुढे चाळीस वर्षांत तो तयार झाला, आणि मग त्याची दुकानं लागली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधल्या पुस्तकांच्या साखळी दुकानांत या आत्मकथनांचं वेगळं कपाट असे. एका दुकानात त्यावर 'ट्रॅजिक लाइफ स्टोरीज' लिहिलेलं, दुसऱ्यात 'पेनफुल लाइव्ज'. ही पुस्तकं शेजारी शेजारी लावलेली पाहिली की मन खंतावतं. पांढुरकं मुखपृष्ठ, त्यावर मोठ्या डोळ्यांचं एक मूल, शाळकरी हस्ताक्षरासारखं वळणदार शीर्षक आणि त्या शीर्षकात बाबांना किंवा आईला केलेली विनवणी. आतली माणसं वेगळी, घरं वेगळी, जखमा वेगळ्या, पण बाहेरून सगळ्यांना एकच गणवेश. या कपाटाची वाट उघडली डेव्ह पेल्झरच्या १९९५ च्या 'अ चाइल्ड कॉल्ड इट' ने. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीत आईने केलेल्या अमानुष छळाची ही हकिकत वर्षानुवर्षं खपाच्या यादीत राहिली. एका भावाने ती नाकारली. दुसऱ्याने २००५ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहून छळाला दुजोरा दिला. आई १९९२ मध्येच वारली होती. शाळेतल्या शिक्षकांनी १९७३ मध्ये त्या मुलाला घरातून बाहेर काढलं, एवढं निश्चित. मला त्या छळाबद्दल शंका नाही. मला खटकतात ती त्यातली संवादांची पानंच्या पानं, अवतरणचिन्हांत, जणू कोणी टेप लावून ठेवली होती. लहान मूल असं आठवत नाही. पण ग्राहकाला अखंड कथा हवी असते आणि लेखक-प्रकाशक मिळून ती शिवून देतात. मग एखादा टाका उसवला की वाचक अख्खं वस्त्रच खोटं ठरवतो. यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते खरं भोगलेल्याचं.

आयर्लंडमध्येच याचं दुसरं टोक दिसलं. २००५ मध्ये कॅथी ओबर्नचं 'कॅथीज स्टोरी' आलं. बाप, औद्योगिक शाळा, नन्सनी चालवलेली मॅग्डलीन धुलाईघरं, सगळीकडच्या छळाची हकिकत त्यात होती. पुस्तक तडाखेबंद खपलं. २००६ मध्ये तिच्या सख्ख्या भावंडांनी जाहीरपणे सांगितलं की हे घडलेलं नाही. धुलाईघरं चालवणाऱ्या संघाने नोंदी तपासून 'ही मुलगी आमच्याकडे नव्हतीच' असं म्हटलं. ती आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. हर्मन केली या पत्रकाराने २००७ मध्ये तिच्या कथनाविरुद्ध पुस्तकच लिहिलं. त्या वादात शिरून निकाल देण्याची माझी इच्छा नाही. माझं बोट आहे ते तारखांवर. जिवंतपणी दुर्लक्षित टिरेलचं पुस्तक निघालं तेही २००६ मध्येच. आयर्लंडची वर्तमानपत्रं कॅथीच्या भांडणाने भरलेली असताना तो शिंपी शांतपणे पहिल्यांदा छापला जात होता.

मग मे २००९ मध्ये अशा संस्थांतल्या मुलांच्या छळाची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाचा अहवाल आला. पाच खंड, सुमारे २,६०० पानं. हजाराहून अधिक माणसांनी गोपनीय समितीपुढे बसून आपलं बालपण सांगितलं होतं. लेटरफ्रॅकवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. आयोगाने साक्षी तर ऐकल्याच, शिवाय संघाची स्वतःची जुनी दप्तरं उघडली, आणि कोणत्या धर्मबंधूबद्दल तक्रार आल्यावर त्याला कुठल्या शाळेत हलवलं हे संघाच्याच कागदांतून निघालं. ज्यांना कालपर्यंत 'पैशासाठी रचलेल्या गोष्टी' म्हणत, त्या पुराव्यानिशी उभ्या राहिल्या. धर्मसंघाने कोर्टात धाव घेतल्यामुळे अहवालात नावं बदलली आहेत. म्हणून टिरेल त्यात आहे, पण परक्या नावाने.

साच्याची सर्वांत गुंतागुंतीची आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट स्वित्झर्लंडची आहे. १९९५ मध्ये बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने एक छोटं पुस्तक जर्मनीत निघालं. रिगात जन्मलेलं ज्यू पोर, तीन-चार वर्षांचं, मायदानेक आणि आउश्वित्झच्या छावण्यांत एकटं. लेखन तुटक, क्रम नसलेलं, मधेच थांबणारं. इतक्या लहान वयाच्या आठवणी अशाच असणार, असं समीक्षकांनी म्हटलं. अनेक भाषांत अनुवाद झाले, मोठे पुरस्कार मिळाले. पुस्तक छापण्याआधी प्रकाशकाकडे इशारा देणारं एक पत्र आलं होतं. प्रकाशकाने लेखकाकडे खुलासा मागितला, तो मिळाला, शेवटी एक टिपण जोडलं आणि पुस्तक छापलं. १९९८ मध्ये डॅनिएल गान्झफ्रीड या पत्रकाराने उघड केलं की लेखक रिगाचा नाही, ज्यूही नाही. तो १९४१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील गावात अविवाहित आईच्या पोटी जन्मलेला ब्रुनो ग्रोजाँ. इतिहासकार स्टेफान मेख्लरने सविस्तर तपास केला आणि तेच निष्पन्न झालं.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात आणि 'भामटा' म्हणून शिक्का मारतात. मेख्लर पुढे गेला. ब्रुनोला आईपासून तोडून परक्या घरांत ठेवलं होतं, आणि त्यातल्या एका घरातली बाई मनाने ढासळलेली होती. पुस्तकात छावणी म्हणून आलेले काही प्रसंग त्या घराशी जुळतात, असं मेख्लरला आढळलं. पुढे ब्रुनोला झुरिकच्या एका श्रीमंत जोडप्याने दत्तक घेतलं. स्वित्झर्लंडमध्ये गरिबांची, अनौरस मुलं सरकारी हुकमाने परक्या घरी, शेतावर राबायला देण्याची पद्धत विसाव्या शतकात बराच काळ चालली. सरकारने तिची जाहीर माफी मागितली ती २०१३ मध्ये. ब्रुनोने लिहिलं तेव्हा त्या मुलांच्या दुःखाला नाव नव्हतं, कपाट नव्हतं, वाचक नव्हता. छावणीच्या दुःखाला होता. त्याने आपली जखम दुसऱ्याच्या कापडात गुंडाळली. यात ज्यांची राख झाली त्या ज्यू मुलांवर घोर अन्याय आहे, त्याला क्षमा नाही. पण नीट वाचणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकत्र हातात धरल्या पाहिजेत.

आणि याच पुस्तकाने मला माझं एक लाडकं मत सोडायला लावलं. अखंड कथा संशयास्पद आणि तुटकी कथा खरी, असं मी मानत असे. विल्कोमिर्स्कीची कथा तुटकीच होती. शैलीवरून खरेपण ओळखता येत नाही. कोणीतरी उठून गावी जावं लागतं, जन्मनोंद पाहावी लागते, शाळेचं दप्तर उघडावं लागतं. हे काम वाचकाच्या काळजाचं नाही. ते प्रकाशकाचं आहे, आणि तो ते करत नाही म्हणून त्याचा भार अखेर लेखिकेच्या भावंडांवर, वर्तमानपत्रांवर आणि कोर्टावर पडतो. ब्रिटनमध्ये कॉन्स्टन्स ब्रिस्को या वकीलबाईंनी 'अग्ली' (२००६) मध्ये आईच्या क्रूरपणाची हकिकत लिहिली, तेव्हा आईने बदनामीचा दावा लावला. २००८ मध्ये ज्युरीने लेकीच्या बाजूने कौल दिला. २०१४ मध्ये याच बाईंना अगदी वेगळ्या प्रकरणात न्यायप्रक्रियेत खोटेपणा केल्याबद्दल १६ महिन्यांची शिक्षा झाली. लगेच लोक म्हणू लागले, मग बालपणही खोटंच. एका जागी खोटं बोललेल्या माणसाला लहानपणी मार बसलेला असू शकतो, एवढं साधं आपल्याला मान्य होत नाही.

शंकेच्या बाजूलाही शास्त्र आहे आणि ते टाकाऊ नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टसच्या १९९५ च्या प्रयोगात २४ जणांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना 'लहानपणी बाजारात हरवलो होतो' ही न घडलेली गोष्ट कमी-अधिक आठवू लागली. कॅनडातल्या 'मिशेल रिमेम्बर्स' (१९८०) या पुस्तकात मानसोपचाराच्या खोलीत उगवलेल्या सैतानपूजेच्या आठवणी छापल्या गेल्या, आणि त्यानंतर अमेरिकेत निरपराध माणसं तुरुंगात गेली. पण बाजारात हरवणं आणि रोज रात्री दाराशी पावलं वाजणं यांत फार अंतर आहे. पहिल्यावरून दुसरं उडवून लावायला या संशोधनाचा वापर झाला, त्याचा मला राग आहे.

फ्रान्समध्ये तर शंकेला जागाच नव्हती आणि तरी कोणी पाहिलं नाही. गाब्रिएल मात्झनेफ हा लेखक कोवळ्या मुलामुलींशी असलेले आपले संबंध स्वतःच पुस्तकांत छापत होता. १९९० मध्ये टीव्हीवरच्या साहित्यिक गप्पांत कॅनडाच्या डेनिस बोंबार्दिए एकट्या त्याच्यावर तुटून पडल्या, तेव्हा साहित्यिक मंडळींनी दोष दिला तो बोंबार्दिएंना. २०१३ मध्ये त्याला प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये व्हानेसा स्प्रिंगोराचं 'ल कॉन्सान्तमाँ' (म्हणजे 'संमती') आलं. चौदाव्या वर्षी ती त्याच्या तावडीत सापडली होती. पुरावा तिला गोळा करावा लागला नाही, तो लोकांच्या घरातल्या कपाटांत बांधीव पुस्तकांच्या रूपात होता. इतकी वर्षं तो 'प्रेमकथा' या साच्यात वाचला गेला. तिचं पुस्तक आल्यावर प्रकाशकाने त्याच्या रोजनिश्यांची विक्री थांबवली.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतली १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांनी तो तोवर कोणालाच सांगितला नव्हता. पिंकी विराणींचं 'बिटर चॉकलेट' त्याआधी, २००० मध्ये, इंग्रजीत आलं होतं. स्वतःचा अनुभवही त्यांनी त्यात लिहिला. मराठीला भोगलेलं लिहिण्याची परंपरा नवी नाही. 'बलुतं' (१९७८) आणि 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) यांनी ती किंमत मोजून उभी केली, आणि 'अतिरंजित' हा शब्दही झेलला. माजघरातलं मात्र माजघरात राहतं. तिथली वाक्यं आपल्याला पाठ आहेत: तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल. काका तसे नाहीत. आता लग्न ठरतंय, कशाला उकरतेस.

आमच्या वाचनगटात एकदा पेल्झरच्या पुस्तकाचा मराठीतून सारांश सांगून झाला. 'एवढं सगळं तपशिलात लक्षात कसं राहतं?' असं कोणीतरी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. कोपऱ्यात बसलेल्या, साठीच्या पुढच्या एक बाई हळूच म्हणाल्या, 'नाही राहत. मला फक्त फरशी आठवते. लाल कोब्याची, मधे तडा गेलेली. आणि आत कुकरची शिट्टी.' साल आठवतं का, असं एकीने विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. मग कोणीतरी चहाचे कप आणले. आम्ही बशा पुढे सरकवल्या, साखर कोणाला कमी हवी ते विचारलं, आणि त्या बाई पदराच्या टोकाने चष्मा पुसत राहिल्या.