जादूच्या शाळेतील शब्दविचार

जादू शिकविणारी शाळा ही कल्पना किशोर वाङ्मयात आता इतकी रुळली आहे की, तिच्यातील मूळची विसंगती सहसा ध्यानात येत नाही. परंपरागत कथेतील जादूगार हा सिद्ध पुरुष असतो. त्याची विद्या तपाने, वरप्रसादाने किंवा गुरुकृपेने आलेली असते; तिला वेळापत्रक, वर्ग व परीक्षा नसतात. ती विद्या शाळेत आणली की, ती शिकविता येते काय आणि शिकविताना विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय दिले जाते, हे प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतात. जादू म्हणजे बहुतांशी शब्दाचे सामर्थ्य असल्याने ते प्रश्न अखेर भाषेच्या अध्यापनाचेच ठरतात. अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) आणि जे. के. रोलिंग यांची सात खंडांची ‘हॅरी पॉटर’ मालिका (1997 ते 2007) यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे.

रोलिंग यांच्या पहिल्या खंडात पीस हवेत तरंगविण्याचा एक पाठ आहे. त्यात हर्मायनी ही विद्यार्थिनी रॉनचा उच्चार सुधारते. कोणता स्वर लांबवावयाचा हे ती त्याला बजावते. एका जादूगाराने ‘फ’ऐवजी ‘स’ उच्चारला आणि तो छातीवर रेडा घेऊन जमिनीवर पडला, अशी दृष्टांतकथाही शिक्षक वर्गाला सांगतात. हा प्रसंग वाचताना पतंजलीच्या महाभाष्यातील ‘इन्द्रशत्रु’ शब्दाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही उच्चारदोषाने मंत्र उलटतो. परंतु तो कसा उलटतो हे पाहिले पाहिजे. स्वर बदलल्याने तत्पुरुषाचा बहुव्रीही होतो आणि ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’ असा दुसरा, तितकाच सुसंगत अर्थ निष्पन्न होतो. चूक झाली तरी शब्द भाषेच्या व्यवस्थेतच राहतो. रोलिंग यांच्या दृष्टांतात ‘स’चा व रेड्याचा असा कोणताही संबंध दाखविलेला नाही. तेथील मंत्र हा अर्थवान शब्द नसून कुलुपाची किल्ली आहे. दात चुकला की किल्ली लागत नाही, एवढेच.

या मंत्रांपैकी काही खरे लॅटिन आहेत. ‘अ‍ॅक्सिओ’ याचा अर्थ ‘मी बोलावतो’ असाच होतो. पण हॉगवर्ट्सच्या अभ्यासक्रमात लॅटिन कोठेच दिसत नाही. प्राचीन रून लिपी आहे, तीही ऐच्छिक. मंत्राचा अर्थ लेखिकेला ठाऊक असतो, चाणाक्ष वाचकाला उमगतो. जे विद्यार्थी तो उच्चारतात त्यांनी तो जाणावा अशी मात्र अपेक्षा नाही. सहाव्या खंडात (2005) तर शब्द न उच्चारता मंत्र टाकण्याचे शिक्षण सुरू होते. रक्षक आकृती प्रकट करावयाची तर सुखद स्मृती हवी, यातनेचा शाप द्यावयाचा तर यातना देण्याची खरी इच्छा हवी, असेही ही मालिका सांगते. म्हणजे सामर्थ्य शब्दात नसून मनात आहे. हा विचार नैतिक दृष्ट्या मोलाचा आहे यात संशय नाही. परंतु त्यामुळे वर्गातील शब्द-शिक्षण गौण ठरते आणि नायकाचे खरे शिक्षण वर्गाबाहेर होते. पाचव्या खंडातील (2003) सरकारनियुक्त शिक्षिका प्रत्यक्ष प्रयोगास बंदी करून केवळ पुस्तक वाचावयास लावते, तेव्हा विद्यार्थी गुप्तपणे स्वतःचा वर्ग भरवितात. शिक्षणसंस्थेवरील इतके भेदक भाष्य किशोर वाङ्मयात क्वचितच आढळते. तात्पर्य, रोलिंग यांना शाळा उत्तम कळली आहे; तेथे शिकविल्या जाणाऱ्या विद्येचे स्वरूप मात्र त्यांनी फारसे तपासलेले नाही.

ले ग्विन यांच्या कादंबरीत याच्या नेमके उलट आहे. रोक बेटावरील शाळेत उत्सव वा खेळ यांना फारसे स्थान नाही. पण नामविद्येच्या आचार्याचा एकाकी मनोरा आहे. तेथे विद्यार्थी वस्तूंच्या खऱ्या नावांच्या याद्या पाठ करीत बसतात आणि मध्यरात्री शाई उडून कागद कोरा होण्याच्या आत त्या मुखोद्गत कराव्या लागतात. गेड या तरुणाला हे काम रुक्ष वाटते. परंतु समुद्रावर सत्ता हवी असेल तर त्यातील प्रत्येक उपसागर, प्रत्येक खाडी नावाने ओळखली पाहिजे, हे त्याला तेथेच समजते. मंत्राचे क्षेत्र ज्ञानाच्या क्षेत्राहून मोठे असू शकत नाही. दगडाचा हिरा करावयाचा तर त्याचे नाव बदलावे लागते, आणि नाव बदलणे म्हणजे जग बदलणे, असा इशारा दुसरा एक आचार्य देतो.

शब्द व अर्थ यांचा संबंध औत्पत्तिक मानणारे मीमांसक आणि तो संकेताधीन मानणारे नैयायिक यांच्या वादात रोकचे आचार्य निःसंशय मीमांसकांच्या बाजूला बसतील. आधुनिक भाषाविज्ञानाला हा पक्ष मान्य होणार नाही. पण कादंबरीला त्यातून जे मिळते ते महत्त्वाचे आहे. शब्द जर वस्तूशी बांधलेला असेल, तर बोलणाराही सत्याशी बांधला जातो. गेड मत्सरापोटी मृतात्म्याला हाक मारतो, तेव्हा एक अनाम छाया जगात शिरते आणि ती वाट बुजविताना वृद्ध महाचार्यास प्राण गमवावे लागतात. पुढे जुन्या इतिहासांच्या अभ्यासावरून तो एका ड्रॅगनचे नाव ताडतो आणि त्याला वचनात बांधतो. याद्यांचे पाठांतर व्यर्थ नव्हते, हे त्यातून दिसते. शेवटी त्या छायेला तो स्वतःच्याच नावाने हाक मारतो. व्होल्डेमॉर्टचे नाव भीतीने टाळले जाते. गेडच्या जगात खरे नाव विश्वासाने मित्राच्या हाती दिले जाते.

तरीही रोकची शाळा निर्दोष नाही आणि ते ले ग्विन यांनीच दाखवून दिले. त्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. ‘तेहानू’ (1990) या कादंबरीत या परंपरेकडे बाहेर ठेवल्या गेलेल्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले गेले, आणि ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ (2001) मधील एका दीर्घकथेत शाळेच्या संस्थापनेत स्त्रियांचा वाटा असल्याचे उघड झाले. वस्तूंची खरी नावे जाणणाऱ्या आचार्यांना आपल्या संस्थेच्या जन्मकथेतील नावे ठाऊक नव्हती. आपल्याच निर्मितीची अशी फेरतपासणी करणारी लेखिका विरळा.

किशोर वाचकाला रोलिंग यांची शाळा अधिक प्रिय वाटली तर त्यात नवल नाही. ती राहण्याजोगी शाळा आहे. परंतु शब्द उच्चारणाऱ्याने त्याच्या अर्थाची व परिणामाची जबाबदारी घेतली पाहिजे, ही गोष्ट ले ग्विन यांनी वर्गातील सर्वांत रुक्ष पाठातून उभी केली. पाठांतर, व्युत्पत्ती व कोश यांत वर्षे घालविणाऱ्या विद्यार्थ्याला त्या एकाकी मनोऱ्याची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही.